पानठेला सुटतो तेव्हा

मंडळी, या वीकेंडला विषय जरा जड आहे. कॅन्सर झालेल्या पुरुषाला आधार कोण देतं? बायको, आई, बहीण देतात, मान्य. पण त्याच्या बरोबरीचे पुरुष?

इतिहासात याचं एक भन्नाट उत्तर सापडतं. १९५२ साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या टेरेसे लॅसर यांनी 'रीच टू रिकव्हरी' सुरू केलं. त्यात ऑपरेशन झालेल्या बाईने नव्या पेशंटला जाऊन भेटायचं, धीर द्यायचा. त्याच वर्षी स्वरयंत्र काढलेल्यांच्या क्लबांची संघटना उभी राहिली. हा आजार मुख्यतः पुरुषांचा. तिथे जुना पेशंट नव्याला अन्ननलिकेत हवा घेऊन, ढेकरेसारखा आवाज काढून बोलायला शिकवायचा. म्हणजे पुरुष 'मन मोकळं करायला' नाही, काहीतरी शिकायला जमले. सोबत मिळाली ती त्यातून.

आता आपल्याकडे या. भारतात पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा. गोंदिया जिल्ह्यातलं दवनीवाडा घ्या नाहीतर विदर्भातलं दुसरं कुठलं गाव, पुरुषांचा कट्टा म्हणजे पानठेला. गप्पा तिथेच, राजकारण तिथेच आणि सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला खर्राही तिथेच. कॅन्सर झाला की खर्रा सोडावा लागतो, आणि त्याच्याबरोबर पानठेलाही सुटतो. ऑपरेशननंतर बोलणं अस्पष्ट होतं, तोंड पुरेसं उघडत नाही. मग पंगतीत बसायची लाज वाटते. माणूस घरातच बसतो.

असं नाही की आपल्याकडे काहीच नाही. खंजिरीवर भजनं गाऊन गावं जागवणारे तुकडोजी महाराज १९६८ साली कॅन्सरनेच गेले. नागपूरचं कॅन्सर हॉस्पिटल आज त्यांच्या नावाने आहे. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई गाठणाऱ्या पेशंटला दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. डोक्यावर छप्पर द्यायची आपली परंपरा मोठी आहे. बोलायची मात्र नाही.

म्हणून २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले शरद पवार स्वतःच्या तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दल जाहीरपणे बोलतात, ते मला महत्त्वाचं वाटतं. राजकारण बाजूला ठेवा. आर. आर. पाटील २०१५ मध्ये याच आजाराने गेले, तेव्हा तरी आपण किती बोललो?

उपाय फार हायफाय नाही. तो पानठेल्यावर येऊ शकत नसेल, तर पानठेल्यावरच्या चौघांनी त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचं. फक्त खर्रा बाहेर ठेवून. बघा पटतंय का.