कोकणात ज्यू, इस्रायलमध्ये भारतीय : बेने इस्रायल कुटुंबांचा नवा संसार

१/ पेणकर, किहीमकर, रोहेकर, दिवेकर. ही आडनावे कोकणातली, हे सांगायला नको. मात्र आज ती रायगड जिल्ह्यापेक्षा इस्रायलमधील दिमोना, अश्दोद, लोद अशा शहरांत अधिक सहजपणे आढळतात. ही कुटुंबे तिथे कशी पोहोचली आणि पोहोचल्यावर त्यांचा रोजचा संसार कसा मांडला गेला, त्याची ही कथा.

२/ बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की फार पूर्वी नौगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचाच वंश कोकणात वाढला. तेलाचा घाणा हा त्यांचा व्यवसाय. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्यांचे वेगळेपण गावाने एका वारावरून ओळखले आणि स्वीकारले.

३/ मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये उभे राहिले. प्रार्थना हिब्रूत; घर, बाजार, भांडण आणि अंगाई मात्र मराठीत. वल्हांडणाच्या सणाला वाचावयाचा ‘हग्गादा’ हा ग्रंथ १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. त्यातील एका चित्रात भारतीय वेषातील स्त्रिया सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात.

४/ १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली, तेव्हा भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. त्यांना येथून कोणी हुसकावले नव्हते, हे विशेष ध्यानात घ्यावे. धर्मभूमीची ओढ हे मोठे कारण. त्याच्या जोडीला इंग्रजी अमदानीत रेल्वे, टपाल, लष्कर यांत मिळणाऱ्या नोकऱ्यांविषयीची अनिश्चितता होती. पुढील दोन दशकांत बहुसंख्य समाजाने देश सोडला.

५/ तिथे स्वागताला होत्या पत्र्याच्या खोपट्यांच्या संक्रमण छावण्या. मुंबईत कारकुनी केलेल्या अनेकांच्या हाती बांधकामाचे फावडे वा कारखान्याची पाळी आली. पुष्कळांना वाळवंटाच्या काठी नव्याने वसवलेल्या गावांत धाडण्यात आले. दिमोना १९५५ मध्ये वसले. कोकणातील एखाद्या अतिमुसळधार दिवसात कोसळेल तेवढाच पाऊस तिथे वर्षभरात पडतो.

६/ स्वयंपाकघरातला प्रश्न आणखी अवघड होता. १९४९ ते १९५९ या काळात इस्रायलमध्ये शिधावाटप होते आणि तांदूळ दुर्मीळ होता. त्याला पर्याय म्हणून पंतप्रधान बेन गुरियन यांच्या सूचनेवरून गव्हाचे, तांदळाच्या आकाराचे दाणे तयार करण्यात आले; लोकांनी त्यांना ‘बेन गुरियनचा तांदूळ’ असे नाव दिले. भात-आमटीवर वाढलेल्या कोकणी कुटुंबाला जेवणाच्या ताटातच आपण दूर आल्याची जाणीव होत असणार.

७/ भाषेचा उलटफेर तर विलक्षण. जी हिब्रू आजवर केवळ प्रार्थनेची, तीच आता भाजीवाल्याशी बोलायची झाली. प्रौढांसाठी ‘उलपान’ नावाचे हिब्रूचे वर्ग असत. मुले शाळेत ती झपाट्याने शिकत. त्यामुळे कचेरीतला कागद आईवडिलांना मुलाने वाचून दाखवायचा, अशी वेळ स्थलांतरितांच्या घरी येई. घरातला वडीलधारेपणा त्यामुळे थोडा हलतोच.

८/ साऱ्यांनाच हे सोसले नाही. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी भेदभावाची तक्रार करीत ज्यू एजन्सीच्या कार्यालयासमोर धरणे धरले. काळ्या माणसांनी काळा पाव खावा, पांढरा गोऱ्यांसाठी आहे, असे आपल्याला ऐकवले गेले, असाही त्यांचा आरोप होता. शंभराहून अधिक जणांना भारतात परत पाठवण्यात आले. पुढे त्यांतील बरेच जण पुन्हा इस्रायलला गेले. दोन्ही घरे अर्धीच आपली, ही अवस्था त्यांनी प्रत्यक्ष भोगली.

९/ सर्वांत खोल घाव मात्र १९६२ चा. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अखत्यारीत असतात; नागरी विवाहाची सोय नाही. शतकानुशतके अलग राहिलेल्या या समाजात घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील का, अशी शंका काढून धर्मपीठाने आदेश दिला : बेने इस्रायल व्यक्तीचा समाजाबाहेर विवाह असेल, तर तिच्या पूर्वजांची चौकशी व्हावी.

१०/ याचा घरातला अर्थ काय? मुलीचे लग्न ठरले, की आजी-पणजीच्या वंशशुद्धतेचा पुरावा आणा! कोकणात ज्यांच्या ज्यू असण्याविषयी कोणाला प्रश्न पडला नव्हता, त्यांना ज्यूंच्याच देशात तो सिद्ध करावा लागत होता. १९६४ च्या उन्हाळ्यात ही कुटुंबे जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली.

११/ १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायली संसदेने खास अधिवेशनात ठराव केला : बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतरांइतकेच आहेत. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने आदेशातून या समाजाचे नाव वगळले. साधी, कष्टकरी माणसे चिकाटीने बसून राहिली आणि जिंकली.

१२/ आता विरोधाभास पाहा. कोकणात त्यांची ओळख होती ‘ज्यू’. इस्रायलमध्ये शेजारी त्यांना ‘होदिम’ म्हणजे भारतीय म्हणू लागले. आणि जे कोकणात सहज घडत असे, ते तिथे जपण्याची वस्तू झाले : लग्नाआधीची मेंदी, शुभकार्याला पोहे, खोबरे, गूळ व फळांचा मलिदा, आणि एलियाहू हन्नाबीचे स्मरण.

१३/ मराठीचेही तसेच. पूर्वी व्यवहाराची असलेली ही भाषा तिथे आठवणींची आणि जिव्हाळ्याची झाली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघाले, यातच सारे आले. भारत-इस्रायल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये प्रस्थापित झाले; त्याआधी चार दशके हा दुवा मुख्यतः अशा घरांनीच सांभाळला होता.

१४/ स्थलांतराचा इतिहास आपण जहाजांच्या, करारांच्या आणि लोकसंख्येच्या आकड्यांत वाचतो. पण त्याची खरी कसोटी लागते ती तांदळाच्या डब्यापाशी, शाळेच्या दप्तरापाशी आणि मुलीच्या लग्नाच्या अर्जापाशी. अलिबागकडे गेलात, तर नौगावच्या जुन्या ज्यू दफनभूमीपाशी क्षणभर थांबा. तिथल्या माणसांचे वंशज आज दूरच्या वाळवंटाकाठी, कोकणातल्या गावांची नावे लावून राहतात.