तारीख नसलेला राजा

नांदगाव खंडेश्वरच्या शाखेत असताना एका बाजारच्या दिवशी एका म्हाताऱ्याने खिडकीतून चांदीचा रुपया आत सरकवला. “हे कोन्या सालचं हाय जी?” बँकेतल्या माणसाला पैशातलं सगळं कळतं, असा लोकांचा समज असतो. (बायकोचा नाही.) एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला १८६२. मी ते वाचून दाखवलं आणि तेवढ्यावर विद्वान ठरलो.

पुढे वाचनात आलं की १८६२ छापलेले रुपये टांकसाळीतून १८७४ पर्यंत निघत होते! खरं वर्ष ठिपक्यांवरून ताडायचं. विद्वत्ता गेली, नाद मात्र लागला. त्या नादात नहपान भेटला.

क्षत्रप म्हणजे मूळचा इराणच्या बादशहाचा सुभेदार. शकांनी हा हुद्दा इकडे आणला आणि नाशिक-जुन्नरवर सत्ता गाजवणाऱ्या नहपानाने तो शिलालेखांत मिरवला. त्याच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्या. साल मात्र नाही. चेहरे तरी सारखे असावेत? कुठे तरणाबांड, कुठे पार बोळका!

त्याचा जावई उषवदात तर आमच्याच धंद्यातला. नाशिकच्या लेण्यात त्याची ठेवपावतीच कोरलेली आहे: गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे २००० कार्षापण दरमहा १ टक्क्याने, १००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च. पाऊण टक्का न विसरणाऱ्या या गृहस्थाने वर्ष ४२ लिहिलं, पण कुठल्या गणनेतलं, ते नाही! जुन्नरचा लेख ४६ चा. इसवी सन ७८ चा शक धरला तर तो १२४ मध्ये येतो. नहपानाच्या राज्यारोहणापासून मोजलं तर सगळंच हलतं. पंडित त्यावर भांडत राहिले. आमच्याकडे अशी पावती पहिल्याच तपासनिसाने तोंडावर फेकली असती.

निदान क्रम तरी लागला तो १९०६ साली. नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर, थेट त्याच्या तोंडावर, गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा. वरचा शिक्का नंतरचा, हे शिपाईही सांगेल. पुढच्या क्षत्रपांनी मात्र राजाच्या डोक्यामागे शकवर्ष आणि नावाबरोबर बापाचंही नाव घालायला सुरुवात केली. फॉर्म कसा भरावा, ते त्यांच्याकडून शिकावं.

म्हातारा पुन्हा आला तेव्हा मी १८६२ ची कबुली दिली. त्याच्या खात्यावर जन्मतारीख १ जुलै आहे. मास्तरांनी अंदाजाने घातलेली.

“मंग रुपयाचं बी माया जन्मतारखेवानीच झालं म्हना जी,” तो म्हणाला आणि रुपया धोतराच्या सोग्यात बांधून बाजाराला गेला.