शर्यतीची वाट

शर्यत पाहावयाची म्हणजे प्रथम शर्यतीपर्यंत पोचावयाचे, आणि पुष्कळदा खरी दमछाक तेथेच होते. ३० ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीनजीक ग्रेटर नोएडा येथे फॉर्म्युला वनच्या मोटारी आपल्या देशात प्रथमच शर्यतीत धावल्या. त्या वेळी घरोघरच्या हौशी मंडळींत मोटारींच्या वेगाइतकीच चर्चा चालली होती ती ‘तेथे जावयाचे कसे’ ह्याची. शर्यतीआधीची ही शर्यत पुण्यास मुळीच नवी नाही. फरक एवढाच, की आमच्याकडे ती घोड्यांच्या पायी सुरू झाली.

पुण्याच्या लष्कर भागातून सोलापूर रस्त्याने हडपसरकडे निघाले, की घोड्यांच्या शर्यतीचे मैदान लागते. तेथून हडपसर कोस-दीड कोस. हे मैदान १८३० साली आखले गेले. परंतु ह्या माळाने घोडे त्यापूर्वीही पाहिले होते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांच्या घोडदळाने शिंदे आणि पेशवे ह्यांच्या फौजा हडपसरच्या लढाईत उधळून लाविल्या. बाजीरावांनी सिंहगडाची वाट धरली ती थेट वसईपर्यंत संपली नाही. त्या धावेत राज्य हरले. ज्यांनी ते जिंकले त्यांनी पुढे अठ्ठावीस वर्षांनी त्याच बाजूस करमणुकीसाठी घोडे धावडावेत, हा योगायोग मराठी माणसाच्या मनाला थोडा टोचल्यावाचून राहत नाही.

पुण्याच्या शर्यतींचा हंगाम पावसाळ्याचा. मुंबईत जूननंतर मैदानाचा चिखल होतो. उलट पुण्याची सर बेताची आणि हवा गार. गव्हर्नरसाहेबांचा मुक्कामही पावसाळ्यात पुण्यास असे; त्यांच्यासाठी गणेशखिंडीत १८७१ च्या सुमारास मोठा प्रासाद उभा राहिला. जेथे गव्हर्नर तेथे दरबार, आणि जेथे दरबार तेथे शर्यत. परंतु पैसा मुंबईत आणि घोडे पुण्यात, आणि मध्ये बोरघाट उभा, अशी ही अडचण होती.

घाटातून तोफा चढाव्यात म्हणून वेलस्लीने १८०४ मध्ये वाट फोडून घेतली होती. गाडीने जाण्याजोगा रस्ता मात्र सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकीर्दीत झाला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. मैदान आणि रस्ता एकाच वर्षाचे! मुंबईहून होडीने खाडी ओलांडून पनवेल गाठावयाचे आणि तेथून घाट चढावयाचा, हा त्या वेळचा प्रवास. साहेब पालखीत किंवा घोडागाडीत. सामान बैलाच्या पाठीवर. आणि पालखी ज्यांच्या खांद्यावर ते भोई पायी. तट्टे, बैल, भोई ह्या सर्वांची वर्दी आधी द्यावी लागे.

मग आगगाडी आली, पण एकदम नव्हे. १६ एप्रिल १८५३ ला ती ठाण्यापर्यंत धावली. १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस पोचली. वरच्या अंगाने खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ च्या जूनमध्ये सुरू झाला. म्हणजे पाच वर्षे असा चमत्कारिक देखावा होता, की उतारू खोपोलीस वाफेच्या गाडीतून उतरे, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढे, आणि खंडाळ्यास पुन्हा वाफेच्या गाडीत बसे. एकोणिसावे शतक दोहोंकडे आणि पेशवाई मध्ये!

हा तुटलेला दुवा १८६३ मध्ये सांधला गेला. त्याची किंमत सांगताना लेखणी अडखळते. १८६१ च्या आरंभी ह्या घाटात सुमारे ४२,००० माणसे राबत होती. बायका होत्या, मुले होती. दोरांनी कड्यावर लोंबकळत सुरुंगाची भोके पाडावयाची, पावसाळ्यात दरडींखाली राहावयाचे, आणि पटकीची साथ आली की पाले सोडून पळावयाचे, नाही तर तेथेच मरावयाचे. ठेका घेणारा सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज १८५९ मध्ये येथे आल्यावर थोड्याच दिवसांत दगावला आणि त्याच्या पत्नीने, अॅलिसने, काम पुढे चालविले. तिचे नाव इतिहासात राहिले आणि राहावे हे योग्यच आहे. परंतु ज्या हजारो मजुरांच्या हाडांवरून रूळ गेले, त्यांतील एकाचेही नाव घाटातून जाणारा उतारू सांगू शकत नाही.

विलायतेतही आगगाडी आणि शर्यत ह्यांची गाठ फार लवकर पडली होती. १८३८ च्या मे महिन्यात लंडनहून निघणारा नवा लोहमार्ग सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच एप्समच्या डर्बी शर्यतीसाठी खास गाड्या जाहीर झाल्या, आणि स्टेशनावर अशी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले. आमच्याकडे हे जरा उशिरा घडले. पण घडले ते थाटात. १९२९ मध्ये घाटातली, गाडीचे तोंड फिरवावे लागणारी जुनी उलट वाट सुटली आणि मार्गावर वीज खेळली. लगेच १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली. आरंभी ती शनिवार-रविवारची गाडी, शर्यतीच्या शौकिनांची सोय पाहणारी. सात-सात डब्यांचे दोन संच: एक रुपेरी, त्यावर तांबडे पट्टे, दुसरा निळा, त्यावर सोनेरी. वर्ग दोनच, पहिला आणि दुसरा. तिसऱ्या वर्गाचा डबा तिला लागला तो १९५५ मध्ये. पंचवीस वर्षे ह्या राणीने हडपसरच्या माळ्याला आपल्या दारात उभे केले नाही. मैदानाच्या फाटकावर तिकीट काढावयाचे ते नंतर; माणसांची निवड बोरीबंदरावरच होऊन जाई.

ज्यांच्या गावावरून ही सारी धावपळ चाले त्या हडपसरकरांचे काय? मुठा कालव्याचे पाणी मैदानाच्या जवळून पुढे हडपसरच्या मळ्यांत येते. त्या पाण्यावर पिकलेली भाजी घेऊन बैलगाड्या ह्याच सोलापूर रस्त्याने शहरात जात. शर्यतीच्या दिवशी त्यांना समोरून टांगे, व्हिक्टोरिया आणि पुढे मोटारी भेटत असणार. धूळ कोणाच्या वाट्याला येई हे सांगावयास नको. हडपसरच्या मुख्य चौकाचे नाव आजही ‘गाडीतळ’ आहे. गाड्या मात्र आता बैलांच्या राहिल्या नाहीत.

ह्याच रस्त्याने, ह्याच पावसात, आणखी एक मेळा जातो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीस आजचे सोहळ्याचे रूप हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास दिले. म्हणजे घाटरस्ता, मैदान आणि हा सोहळा ही तिन्ही दोन-तीन वर्षांच्या अंतरातली. ह्या मेळ्यातही घोडे आहेत. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरदारांचे अश्व, कित्येक दिवसांची मजल करीत, आळंदीस चालत येतात. त्यांतील एकावर स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. चांदोबाच्या लिंबाजवळ आणि पुढच्या रिंगणांत हे दोन घोडे भरधाव सुटतात. पैज नाही, तिकीट नाही. घोडा गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावावयाची. आणि ही दौड पाहण्यास जाण्याचे साधन एकच, पाय. मोटारीने जाऊन रिंगण पाहणारे आज पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच; परंतु शेजारी उभा असलेला वारकरी आपल्याकडे जरा कौतुकाने आणि जरा कीवेने पाहतो, हे अनुभवाने सांगतो.

दख्खनची राणी आता शौकिनांची राहिलेली नाही. मुंबईस रोज चाकरीला जाणाऱ्या पासवाल्यांनी तिला आपली करून टाकिली आहे. मुंबईचे हौशी लोक २००२ पासून द्रुतगती महामार्गाने येतात आणि ऐन शर्यतीच्या वेळी शहराच्या कोंडीत अडकतात. पालखीच्या दिवशी मात्र सोलापूर रस्त्यावरची वाहने थांबवितात. त्या सकाळी मैदानाच्या बाजूने टाळांचा आवाज हडपसरकडे सरकत येतो. गाडीतळाशी दोन्ही पालख्यांची वाट फुटते: तुकोबांची सरळ लोणी काळभोरकडे, माउलींची उजवीकडे वळून दिवेघाटाकडे.