डब्यावरची अक्षरं आणि बाईकचा क्लच

दहा-बारा वर्षांपूर्वी माझी बाईक चढाला नुसती ओरडायची. रेस दिली की आवाज वाढायचा, गाडी मात्र जागची हलेना. क्लचप्लेट टाकून सहा महिनेही झाले नव्हते. नंतर कळलं, गावातल्या एका फिटरने 'भारीतलं आहे' म्हणून कारचं ऑइल ओतलं होतं. त्याला तरी काय दोष द्यायचा? डब्यावरची अक्षरं आपल्याला कुणी समजावून सांगितलीच नाहीत.

१९११ मध्ये अमेरिकेत एसएई या संस्थेने ऑइलच्या जाडपणाचे नंबर ठरवले. आपलं २०डब्ल्यू-४० त्याच घराण्यातलं. पण नुसत्या जाडपणावरून ऑइल इंजिनाला किती जपेल ते कळत नाही. म्हणून एपीआयची अक्षरं आली : एस पेट्रोलला, सी डिझेलला. इंजिन बदललं की पुढचं अक्षर. २०२० चं एसपी आलं ते छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांमुळे. त्यांत इंधन वेळेआधीच पेटून पिस्टन फुटायचे.

आमच्या लहानपणी राजदूत, येझदीला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे, ते जळून धूर व्हायचा. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं. १९८५ मध्ये सीडी-१०० आली आणि इंजिन, गिअर, क्लच सगळे एकाच ऑइलात बुडाले. मेख तिथेच आहे. नव्वदच्या दशकात कारचं मायलेज वाढवायला ऑइल पातळ झालं, घर्षण कमी करणारी रसायनं त्यात आली. कारचा क्लच कोरडा, तिला फरक पडत नाही. बाईकच्या क्लचला मात्र घर्षणच हवं असतं! ते ओळखून जपानने १९९८ मध्ये 'जासो'चं वेगळं मानक काढलं. एमए गिअरच्या बाईकला, एमबी बिनगिअरच्या स्कूटरला.

आता तोच घोळ डिझेल पिकअपचा चाललाय. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसला. काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या धातूच्या रसायनांची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये साचत राहते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. परवा स्टँडमागच्या गॅरेजात एक पिकअपवाला डॅशबोर्डवरचा दिवा दाखवत होता. जुन्या गाडीला घालायचा तेच सुटं ऑइल यालाही घातलेलं. नव्या फिल्टरचा आकडा ऐकून गडी मटकन खालीच बसला. गाडीचे हप्ते अजून फिटायचेत.

ऑइल बदलताना डबा आपल्यासमोर फोडायला सांगा, आणि त्यावरची अक्षरं गाडीच्या पुस्तिकेशी ताडून बघा.