गोदामातील निविष्ठा: आगीच्या धोक्यानुसार विभागणी
कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण फक्त विषारीपणा दाखवतो. आगीचा धोका त्यावरून कळत नाही. त्यामुळे गोदामात माल लावताना वेगळी विभागणी करावी.

सर्वांत दुर्लक्षित गट ऑक्सिडीकारक पदार्थांचा. पोटॅशियम नायट्रेट (१३:०:४५) स्वतः पेटत नाही, पण आगीला ऑक्सिजन पुरवते. द्राक्ष बागायतदारांकडे हे खत आणि भुरीसाठी आणलेले गंधक बऱ्याचदा एकाच फळीवर दिसते. बंदुकीच्या दारूत शोरा, गंधक आणि कोळसा असतो. हा शोरा म्हणजेच पोटॅशियम नायट्रेट! दोन्ही वेगळ्या खोल्यांत ठेवावेत. खताजवळ भुसा, कडबा, रिकामी पोती, डिझेल नको. या खताच्या साठ्याला आग लागल्यास वाळू टाकून ती विझत नाही, भरपूर पाणी लागते.

गंधक हा ज्वलनशील घन पदार्थ आहे. त्याची उडालेली धूळ ठिणगीने भडकते. म्हणून पेटलेल्या गंधकावर पाण्याचा जोरदार झोत न मारता बारीक फवारा मारावा. धूर गुदमरवणारा असतो, वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नये.

डिझेल, पेट्रोल आणि द्रावक असलेली ईसी स्वरूपातील कीटकनाशके ज्वालाग्राही द्रवांत मोडतात. त्यांच्यासाठी कोरड्या पावडरचे अग्निशामक जवळ असावे.

ॲल्युमिनियम फॉस्फाईडचा गट स्वतंत्र धरावा. ओलाव्याने त्यातून विषारी फॉस्फिन वायू निघतो आणि तो आपोआप पेटू शकतो. तिथे पाणी अजिबात वापरू नये.

कोणता माल कोणत्या कोपऱ्यात आहे, याचा तक्ता दाराबाहेर लावावा. अग्निशमन दलाला आत शिरण्यापूर्वी तोच हवा असतो.