छाव्याचा रशियन भाऊबंद

रशियन बोलीत ‘चुवाक’ म्हणजे गडी, दोस्त, आपल्यातला पोरगा. 1949 साली ‘क्रोकोदिल’ या व्यंग्यपत्राने ज्यांना ‘स्तिल्यागा’ म्हणून झोडपलं, ती भडक कपड्यांची, जॅझवेडी पोरं एकमेकांना हेच म्हणत. इंग्रजी अनुवादक ‘ड्यूड’ लिहून मोकळा होतो. पण ड्यूड कुणीही असू शकतो, चुवाकला टोळकं लागतं. हे टोळकं शब्दात आलं कुठून? माझ्या मते रोमा लोकांच्या ‘छावो’तून, म्हणजे थेट आपल्या ‘छाव्या’च्या घरातून. पालीतला ‘छाप’ म्हणजे जनावराचं पिल्लू. प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ झाला, दीपाचा दिवा झाला तसाच. मराठीने पिल्लू सिंहाकडे, हत्तीकडे ठेवलं. भारताबाहेर गेलेल्या रोमांनी ते माणसाला दिलं, आणि तेही फक्त आपल्या माणसाला. रोमा मुलगा तो ‘छावो’, परका मुलगा ‘राक्लो’. चुवाकमधला आपलेपणा इथे आयता सापडतो.

प्रतिस्पर्धी व्युत्पत्त्या दोन. एक म्हणते, ‘उच्च अमेरिकी संस्कृतीचा आदर करणारा माणूस’ या रशियन शब्दांची ही आद्याक्षरं. अशी फोड शब्द रुळल्यावर गमतीने करतात. इंग्रजीतला ‘चॅव’ हाही बहुधा रोमा ‘छावो’च, आणि त्यालाही अशीच आद्याक्षरं चिकटवली गेली. (गंमत म्हणजे हा सख्खा भाऊ अनुवादाला निरुपयोगी: चॅव ही बाहेरच्याने दिलेली शिवी आहे.) दुसरी बोट दाखवते ‘चुव्याक’कडे, म्हणजे मऊ कातडी सपातांकडे. ध्वनी जुळतो, पण पायताणावरून माणसाला खेटर म्हणता येतं, जिवलग नव्हे. शिवाय रोमा शब्द रशियन बोलीत एकटादुकटा नाही. ‘खावात्’ म्हणजे खाणं, त्यातला ‘खा’ मराठी माणसाला सांगायला नको. वाटही समजण्याजोगी आहे: मॉस्कोच्या उपाहारगृहांत गाणारे रोमा गायकवृंद, त्यांच्याकडून वादकांची बोली, तिथून जॅझ.

खरी अडचण स्वराची आहे. ‘छा’चा ‘चु’ का व्हावा? माझा संशय ‘चुदाक’वर, म्हणजे विक्षिप्त माणसावर. चारचौघांपेक्षा वेगळं दिसण्यात धन्यता मानणाऱ्या पोरांनी दोन्ही शब्द एकात मिसळले असावेत. ‘-आक’ हा शेवटही त्यातूनच मिळतो. मुलगी झाली ‘चुविखा’. याच ‘-इखा’ने रशियन भाषा ‘स्लोन’ म्हणजे हत्तीची ‘स्लोनिखा’ करते, तेव्हा छाव्याच्या गोतात हत्तीण परत आलीच म्हणायची.