पणजोबांचे नाव कुठे सापडेल?

आठवी-नववीच्या वर्गात एक साधा प्रयोग करून पाहा. प्रत्येकाला आपल्या वडिलांचे, आजोबांचे आणि पणजोबांचे नाव लिहायला सांगा. आजोबांपर्यंत बहुतेकांची गाडी जाते, पणजोबांपाशी अडखळते. पणजीचे नाव तर क्वचितच कुणी सांगतो. एक पिढी २५ ते ३० वर्षांची धरली, तर पणजोबा म्हणजे साधारण शंभर वर्षांपूर्वी जन्मलेला माणूस. इतक्या जवळचा माणूस इतक्या लवकर कसा हरवतो?

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. जातीचा दाखला काढताना पूर्वजांचा जुना पुरावा लागतो. अनुसूचित जमातींसाठी त्याची मानीव तारीख ६ सप्टेंबर १९५० आहे, तर इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. २००६ च्या वनहक्क कायद्यात बिगर-आदिवासी वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. अशा वेळी दारोदार फिरणाऱ्या बापाला 'वंशावळ काढून देतो' म्हणणारा कुणी ना कुणी भेटतोच, आणि पैसे मागतो. म्हणून खरोखर फुकट काय मिळते, हे शिक्षकाला ठाऊक असलेले बरे.

संगणकावर शोध घेतला तर वंशावळीची अनेक संकेतस्थळे दिसतात. त्यांतली पुष्कळशी चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि परदेशांतील जनगणनेचे घरोघरचे तक्ते यांवर उभी आहेत. इंग्लंडमध्ये असे तक्ते शंभर वर्षांनी लोकांना पाहता येतात. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने घरोघरची माहिती गुप्त ठेवली आहे आणि छापले जातात ते फक्त आकड्यांचे तक्ते. तेव्हा पैसे भरूनही तिथे आपल्या पणजोबांचे नाव मिळण्याची आशा थोडीच. 'फॅमिलीसर्च' हे संकेतस्थळ मात्र खरोखरच विनामूल्य आहे. हरिद्वार व आसपासच्या तीर्थांवरील पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रे त्यात आहेत. पण आपल्या भागातील किती कुटुंबे तिथवर गेली असतील?

मग आपली कागदपत्रे कुठे आहेत? त्यासाठी आधी राज्य कुणाचे होते ते पाहावे लागते. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे आला. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमीन बंदोबस्ताचा अहवाल १८६९ सालचा आहे. सिरोंचा भाग अप्पर गोदावरी जिल्ह्यात होता, तो १८७४ साली चांद्याला जोडला गेला. राजुरा तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. तो १९५६ मध्ये नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला आला. गडचिरोली जिल्हा तर २६ ऑगस्ट १९८२ चा. म्हणजे गडचिरोलीकराने जुन्या सूचीत 'गडचिरोली जिल्हा' शोधला तर हाती काही लागणार नाही; 'चांदा' शोधावे लागेल. राजुऱ्याच्या जुन्या कागदांसाठी उर्दू वाचणारा गाठावा लागेल.

छापील साधने आज घरबसल्या फुकट मिळतात. १९०९ चे चांदा जिल्ह्याचे गॅझेटिअर 'इंटरनेट आर्काइव्ह'वर मिळते, तर रसेल व हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ चा ग्रंथ 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर. राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची 'अभिलेख पटल'वर चाळता येते. मात्र या पुस्तकांत गाव, जमीनदारी, दुष्काळ भेटतील. सामान्य कुळाचे नाव भेटणार नाही. शिवाय ती राज्यकर्त्यांच्या नजरेने लिहिलेली आहेत, हेही मुलांना सांगावे.

नाव सापडते ते गावच्या कागदांत. सातबारा संगणकावर पाहायला पैसे पडत नाहीत, स्वाक्षरीची प्रत हवी असेल तरच शुल्क लागते. त्यावरून फेरफाराचा क्रमांक घेऊन मागे मागे जाता येते. अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक आणि जन्म-मृत्यूची कोतवाल बुके सरकारी अभिलेख कक्षांत असतात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा आणि प्रत पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ आहे.

आणि एक साधन तर आपल्याच कपाटात आहे, ते म्हणजे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. त्यात नाव, बापाचे नाव, जात, गाव आणि दाखल्याची तारीख असते. पण ते डोळे उघडे ठेवून वाचायला हवे. एकाच पानावर ओळीने १ जून किंवा १ जुलै या जन्मतारखा दिसल्या, तर त्या बहुधा गुरुजींनी अंदाजाने घातलेल्या असतात. दाखल्याची तारीख खरी, जन्मतारीख अंदाजाची. एकाच कागदावर दोन नोंदींची विश्वसनीयता वेगळी असते, हा इतिहासाचा धडा याहून सोप्या रीतीने कुठे शिकवता येईल?

ज्यांच्या हाती कागदच कधी आला नाही, त्यांचे काय? त्यांच्याकडे स्मरण आहे. गोंडांमध्ये चार, पाच, सहा, सात देवांचे सगे असतात. एकाच सग्यात लग्न होत नाही. म्हणून कोण कुणाचा, हे पक्के लक्षात ठेवावेच लागते. परधान किंगरीवर कुळकथा गात आले. भामरागडच्या बाजूला माडिया आपल्या मृतांसाठी दगड उभे करतात. या गोष्टी केवळ कौतुकाच्या नाहीत. वनहक्काच्या २००८ च्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन, वंशावळ आणि दहन-दफनाच्या जागा हे सगळे पुरावे म्हणून मान्य आहेत.

तेव्हा सुरुवात संगणकापासून नको, आजीपासून करावी. मुलांनी नाव, गाव आणि 'कोणत्या दुष्काळात, कोणत्या पुरात' असे विचारून लिहून घ्यावे. सांगणाऱ्याचे नाव व तारीख खाली घालावी. मग ते रजिस्टरशी ताडून पाहावे. जिथे दोन्ही जुळतील तिथे पक्की रेघ, जिथे जुळणार नाहीत तिथे तुटक रेघ. रजिस्टराची जीर्ण पाने मात्र आधी जपून ठेवावीत आणि त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत. वाळवीने खाल्लेले पान पुन्हा कुठल्याच संकेतस्थळावर मिळत नाही.